आजोबांना कुणी विचारले का?

गेल्या महिन्यातील गोष्ट. रात्री साडेदहाचा सुमार. दवाखान्याचे शटर ओढणार तोच समोर मालवाहू ऑटो येऊन थांबला. मागे गादी टाकून तीवर एका वृद्ध गृहस्थांना निजवले होते. सोबत दोन मुलगे, एक सून आणि शेजारचे तीन-चार जण. आजोबांचे वय ८२. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून अंथरुणावर. चार दिवसांपासून ताप, छातीत घरघर. तपासले तर दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. बोटाला लावलेले यंत्र ऑक्सिजन ८१ दाखवत होते.

थोरला शेती करतो. तो म्हणाला, "डाक्टरसाहेब, अकोल्याले न्याव का नाई, तुमीच सांगा. तुमी म्हणान तसं." धाकटा पुण्याला नोकरीला, दुपारीच पोचलेला. तो म्हणाला, "पैशाकडे पाहू नका डॉक्टर. व्हेंटिलेटर लागला तरी लावू." शेजारच्या एका वडीलधाऱ्याचे मत पडले की आता वय झाले, एक सलाईन लावून घरी न्यावे. सून भिंतीला टेकून गप्प उभी होती.

मी विचारले, "आजोबांना कुणी विचारले का?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. थोरला म्हणाला, "त्यायले काय विचारता साहेब, त्यायले काय समजते?" पण आजोबांचे डोळे उघडे होते आणि आमचे सगळे बोलणे ते ऐकत होते.

त्यांच्याशी काय बोलणे झाले ते पुढे सांगतो. आधी हा प्रश्न आजच का उभा राहिला, ते पाहू.

मी बार्शीटाकळीत दवाखाना टाकला त्याला आता तीस वर्षे होत आली. त्या काळी म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले की फारसे काही ठरवायचे नसे. ठरवण्यासारखे हातात नव्हतेच. घरात माणसे असत, कुणी पाय दाबी, कुणी तोंडात पाणी घाली, आणि आठ-पंधरा दिवसांत माणूस जाई. आज अकोला वीसेक किलोमीटरवर. तेथे २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, खासगी अतिदक्षता विभाग आहेत. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. मरण पुढे ढकलण्याची साधने दारात आली आणि त्याच काळात घरातली माणसे मात्र पुण्या-मुंबईला गेली. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे लोक देशात १०.३८ कोटी होते, शंभरामागे साडेआठहून जास्त. आपल्या राज्यात तर शंभरामागे जवळपास दहा. तेव्हापासून हे प्रमाण वाढतेच आहे. खेड्यात चक्कर मारा, ओट्यावर बसलेली माणसेच ते सांगतील.

यंत्रे वाढली, म्हणून आता कुणाला तरी ठरवावे लागते. आणि ज्याचा जीव आहे त्याला सोडून बाकी सगळे ठरवतात, असा माझा अनुभव आहे. त्यात मीही आलो.

माझीच चूक

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. बिडीने फुप्फुसे खराब झालेली. त्याला आम्ही दमा म्हणत असू, कारण बिडीचे नाव घेतलेले त्यांना आवडत नसे. त्यांचे एक जुने सहकारी तीन आठवडे व्हेंटिलेटरवर राहून वारले. त्यांच्या तेरवीहून परत आल्यावर ओट्यावर बसून ते मला म्हणाले, "हे पाह्य, मले त्या मशीनवर ठेवू नको. तू डाक्टर हायेस, तुले समजते." मी म्हणालो, "काय बाबा, भलतंच." आणि विषय बदलला. डॉक्टर असूनही मला ते बोलणे पेलले नाही.

२०१२ च्या डिसेंबरात थंडी पडली आणि त्यांचा दम वाढला. मध्यरात्री मी त्यांना गाडीत घालून एका मोठ्या शहरातील खासगी रुग्णालयात नेले. सकाळपर्यंत घशात नळी आणि नळीला मशीन. नळी ओढून काढतात म्हणून त्यांचे दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधले होते. तिसऱ्या दिवशी थोडे शुद्धीवर आले. बोलता येत नव्हते. परिचारिकेने एक हात सोडून केसपेपरची मागची बाजू आणि पेन दिले. वडिलांचे अक्षर शाळेत प्रसिद्ध होते. सुविचार तेच लिहीत. त्या दिवशी त्यांनी दोन वाकडी अक्षरे लिहिली. 'घर'.

मी म्हणालो, "बरं वाटलं की जाऊ, बाबा."

पुढे त्यांना गुंगीत ठेवावे लागले. आठव्या दिवशी मी तेथील डॉक्टरांना विचारले की आता मशीन काढून घरी नेता येईल का. ते म्हणाले, त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागेल. त्या वेळच्या नियमानुसार ते काही चुकीचे बोलले नाहीत. बाराव्या दिवशी पहाटे वडील गेले. बिलाचा आकडा सांगत नाही. त्यांच्या दोन वर्षांच्या पेन्शनपेक्षा तो मोठा होता. पण बोच पैशाची नाही. त्यांनी आधी सांगितले होते, नंतर लिहूनही दिले, आणि दोन्ही वेळा मी ऐकले नाही. मुलगा म्हणून माझी हिंमत झाली नाही. लोक काय म्हणतील, हेही मनात होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही.

अरुणा शानबाग यांच्या खाटेपाशी

उच्च न्यायालयात जाण्याचा तो नियम आला कुठून? वाचकांपैकी अनेकांना अरुणा शानबाग हे नाव आठवत असेल. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील ही तरुण परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला रक्तपुरवठा तुटला आणि ती पुन्हा कधी पूर्ण शुद्धीवर आलीच नाही. श्वास स्वतःचा होता, व्हेंटिलेटर नव्हता. पण बोलणे, ओळखणे, चालणे सगळे गेले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले. म्हणजे साडेएक्केचाळीस वर्षे ती खाटेवर होती.

पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की हिला अन्न भरवणे थांबवून शांतपणे जाऊ द्यावे. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. अरुणाबाबत अर्ज फेटाळला. मात्र आशा उरली नसलेल्या, स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या रुग्णाचे जीव टिकवणारे उपचार थांबवता येतील, आणि त्यासाठी उच्च न्यायालयाची परवानगी लागेल, असे प्रथमच स्पष्ट सांगितले. विषारी इंजेक्शन देऊन जीव घेणे मात्र तेव्हाही गुन्हा होता आणि आजही आहे.

या निकालातील एक भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क कुणाचा, असा प्रश्न न्यायालयापुढे होता. सख्खे नातेवाईक केव्हाच दुरावले होते. न्यायालय म्हणाले, तो हक्क के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा. कारण त्यांनी तिला इतकी वर्षे भरवले, धुतले, कुशीवर वळवले. परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, पण अरुणाच्या अंगाला बेडसोअर म्हणजे पाठीची जखम होऊ दिली नाही. वैद्यकीय व्यवसायात असलेल्यांनाच कळेल हे केवढे काम आहे. आमच्याकडे तीन आठवडे अंथरुणावर असलेल्या धडधाकट माणसाच्या माकडहाडावर रुपयाएवढा खड्डा पडलेला मी पाहतो.

आता आपल्या घराकडे वळा. दोन वर्षे जी सून सासऱ्याचे मळमूत्र काढते, तिला शेवटच्या रात्री कुणी विचारते काय? गाडीतून उतरलेला दूरचा मुलगा 'सगळं करा' म्हणतो आणि त्याचाच शब्द चालतो. त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण त्या 'सगळं करा'मध्ये दोन वर्षे न येण्याची भरपाई मिसळलेली असते, आणि ती भरपाई म्हाताऱ्याच्या घशातल्या नळीने होते.

कागद आता सोपा झाला आहे

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि प्रत्येक प्रौढ माणसाला आपली इच्छा आधी लिहून ठेवता येईल, असे त्यात ठरले. यालाच 'लिव्हिंग विल' म्हणतात. जमिनीच्या मृत्युपत्राशी याचा काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण नाव ऐकताच आपल्याकडे सातबारा डोळ्यांपुढे येतो. पण २०१८ ची पद्धत फार किचकट होती. कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली.

आता कागद असा करतात. अठरा वर्षांवरील, शुद्धीत असलेल्या कुणीही, कुणाच्या दबावाखाली न येता, कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत ते स्पष्ट लिहायचे. स्वतःला सांगता येणार नाही तेव्हा आपल्या वतीने कोण बोलेल, त्यांची नावे द्यायची. एकापेक्षा जास्त दिलेली बरी. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचा. एक प्रत आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, एक त्या नेमलेल्या माणसांकडे, आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. हा शेवटचा अधिकारी बरीच वर्षे कागदावरच होता. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, त्यानंतर शासनाने राज्यभरात अभिरक्षक नेमले. आपल्या गावासाठी कोण, याची चौकशी नगरपालिकेत किंवा नगरपंचायतीत करावी. टेबलावरच्या बाबूला ठाऊक नसेल तर रागावू नका, त्याला हे कात्रण दाखवा.

"साहेब, पोरं शेतासाठी बापाले मारून टाकतीन," असे मला एकाने तोंडावर सांगितले. भीती खोटी नाही. म्हणूनच कागद असला तरी नळी लगेच निघत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असे पहिले मंडळ रुग्णाला तपासते. त्यावर दुसरे मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. बरे होण्याची आशा नाही असे दोघांचे मत पडले आणि नेमलेल्या नातेवाइकांनी संमती दिली, तरच उपचार थांबतात, आणि रुग्णालय तसे न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवते. कागद नसेल तरीही नातेवाइकांच्या संमतीने हाच मार्ग मोकळा आहे. माझ्या वडिलांच्या वेळी तो नव्हता.

आणखी एक. हा कागद बोलता न येण्याच्या वेळेसाठी आहे. जो माणूस शुद्धीत आहे, ज्याला समजते, तो कोणताही उपचार नाकारू शकतो. त्याला कागद लागत नाही. त्याला फक्त विचारावे लागते.

पवनारचा दिवस

ही कल्पना पाश्चात्त्यांची आहे, आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे म्हणणारे भेटतात. त्यांना मी पवनारची आठवण देतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये धाम नदीकाठच्या आश्रमात विनोबाजींना हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, देह ठेवला. त्याआधी १९६६ साली मुंबईत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १ फेब्रुवारीपासून अन्न-औषध सोडले होते. २६ फेब्रुवारीला ते गेले. विचारांनी हे दोघे दोन टोकांवर. शेवट मात्र दोघांनीही स्वतः ठरवला, पूर्ण शुद्धीत. कारंजा-शिरपूरकडील आपल्या जैन बांधवांना सल्लेखना किंवा संथारा परका नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये संथारा बेकायदा ठरवला, तेव्हा त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली.

पण म्हणून प्रत्येक म्हाताऱ्याच्या 'आता मरण आलं तर बरं' या वाक्याला इच्छा समजू नये. गिरगावच्या नारायण आणि इरावती लवाटे या दांपत्याने डिसेंबर २०१७ मध्ये राष्ट्रपतींना पत्र लिहून इच्छामरण मागितले. दोघांनाही जीवघेणा आजार नव्हता. मूलबाळ नाही, आणि पुढे परस्वाधीन होण्याआधी सुटावे, असे त्यांचे म्हणणे. ते पत्र वाचून मला त्यांचा राग आला नाही, आपली लाज वाटली. माझ्या दवाखान्यात 'मले मरू द्या' म्हणणाऱ्या दहा वृद्धांपैकी बहुतेकांना मरायचे नसते. कुणाला गुडघेदुखीने संडासात बसता येत नाही. कुणाला ऐकू येत नाही म्हणून घरात कुणी बोलत नाही. कुणाला सरळ सरळ डिप्रेशन असते आणि त्याला गोळी लागू पडते. आधी ते पाहावे.

'वय झाले' हे निदान नव्हे

जी चूक मी वडिलांबाबत केली तिच्या अगदी उलट चूकही तेवढीच मोठी आहे, आणि आपल्या भागात ती जास्त होते.

सात-आठ वर्षांपूर्वी जवळच्या एका खेड्यातून बोलावणे आले. आजी ऐंशीच्या. आठवडाभर खाणे सोडलेले, असंबद्ध बडबड, मग गुंगी. पाहुण्यांना फोन गेले होते. उशाशी गंगाजलाची कुपी आणि तुळशीचे पान तयार. मला फक्त 'किती तास' ते सांगायला बोलावले होते. मी गोळ्यांची पिशवी मागितली. ब्लडप्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते, आणि कुणीतरी वर 'मीठ बंद' सांगितले होते. आजींनी ते इमानदारीने पाळले. रक्त तपासले तर सोडियम ११२; ते १३५ च्या वर हवे. अकोल्याला पाठवले. पाच दिवसांनी आजी बसून चहा पीत होत्या. पुढे चार वर्षे त्यांनी तुरीच्या शेंगा सोलल्या आणि सुनेशी भांडल्या.

त्या दिवशी 'आता वय झालं, त्रास नको' असे म्हणून मी हात जोडले असते तर सगळ्यांनी मला समंजस डॉक्टर म्हटले असते. म्हणून सांगतो, सोडून देण्याआधी एकदा नीट निदान झालेच पाहिजे. सोडियम, साखर, थायरॉइड, लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेला संडास, डोक्याला मार लागून हळूहळू साचलेले रक्त, ही सगळी म्हातारपणाचे सोंग घेऊन येतात.

तशीच पैशाची गोष्ट. रुग्णालयात 'डामा'च्या कागदावर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतो म्हणून, अंगठा करून कितीतरी कुटुंबे म्हाताऱ्यांना घरी आणतात. गाव म्हणते, 'बुढीची इच्छा होती.' नाइलाजाला इच्छा म्हणू नये. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. ते कार्ड आजारी पडण्याआधी काढून ठेवा. आणि जे मुलगे आईबापांना विचारतच नाहीत त्यांच्यासाठी २००७ चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज करता येतो. आमच्याकडे अर्ज फार कमी होतात. आईला मुलाविरुद्ध कागद करायचा नसतो.

एक बाटली लावा

समजा, निदान झाले, आशा नाही हे ठरले, आणि माणसाची इच्छा घरी राहण्याची आहे. आता 'काही करायचे नाही' असे म्हणतात. चूक. आता खरे काम सुरू होते.

पहिला आग्रह सलाईनचा. "डाक्टरसाहेब, काई नाई तर एक बाटली तरी लावा." जाणारे शरीर पाणी मागत नाही. भूक जाते ती शरीर बंद होत आले म्हणून. उपासमारीने माणूस मरतो आहे असे नसते. अशा वेळी बाटल्या लावल्या की पाय सुजतात, छातीत पाणी भरते, घरघर वाढते. हे ठाऊक असूनही मी अनेकदा बाटली लावली आहे, अगदी हळू, नातेवाइकांच्या समाधानासाठी. तीस वर्षांत सगळ्यात जास्त खोटे मी या बाटलीनेच बोललो असेन. त्यापेक्षा ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसत राहा. चमचाभर पाणी द्यायचे तर मान उंच करून आणि गिळता येत असेल तरच. आडव्या माणसाच्या तोंडात गंगाजल ओतले तर ते श्वासनळीत जाते. ओठाला लावले तरी पुण्य तेवढेच.

दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. घोटे आणि टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटरीखाली ठेवा. हवेची गादी भाड्यानेही मिळते. लाल झालेल्या जागेवर मालिश करू नका, पावडर थापू नका. रात्रीची पाळी लावून घ्या. एकट्या सुनेवर टाकू नका.

आणि वेदना. कर्करोगाच्या वेदनेला मॉर्फिनसारखे औषध नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणे अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले, तरी जिल्ह्याच्या ठिकाणी ते अजून सहज हाती लागत नाही. घशाच्या कर्करोगाच्या माझ्या एका रुग्णाचा मुलगा दर पंधरा दिवसांनी रेल्वेने मोठ्या शहरात जाऊन गोळ्या आणी. गोळी सुरू झाल्यावर त्या माणसाने दोन महिन्यांनी पहिल्यांदा रात्रभर झोप घेतली आणि सकाळी भजन लावायला सांगितले. मॉर्फिनची सवय लागेल, असे शेजारी म्हणत होते. दोन महिन्यांचे आयुष्य उरलेल्याला कशाची सवय लागणार आहे? मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, केरळात कोझिकोडला १९९३ पासून घरोघरी जाऊन अशी सेवा देणारे स्वयंसेवक उभे राहिले. आपल्या वऱ्हाडात गणपती मंडळांना माणसांची कमी नसते.

त्या रात्रीचे पुढे

तर ते आजोबा. मी खुर्ची जवळ ओढली आणि मोठ्याने विचारले, "बाबाजी, छातीत कफ झाला आहे. अकोल्याला नेले तर बरे वाटण्याचा संभव आहे. तिथे कदाचित घशात नळी घालावी लागेल. जायचे का?"

ते बराच वेळ दम घेत राहिले. मग म्हणाले, "सुई द्या. गोळी द्या. अकोल्याले नाई."

"का?"

"तिथी जो गेला थो घरी आला नाई." सहा महिन्यांपूर्वी त्यांचा मित्र असाच गेला होता. मी पुन्हा एकदा, शब्द बदलून विचारले. उत्तर तेच. तेव्हा कुठे सून बोलली, "सायबा, हे तं उन्हाळ्यापासून मले असंच सांगून राह्यले. मले कोणी इचारलंच नाई."

आम्ही घरी ऑक्सिजनचे यंत्र लावले, प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू केली, मी दोन वेळा जाऊन येत होतो. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन चमचे वरणाचे पाणी घेतले. पाचव्या दिवशी दुपारी, थोरला नातू पाय चेपत असताना, ते गेले.

धाकटा मुलगा माझ्याशी बोलत नाही. अकोल्याला नेले असते तर वडील वाचले असते, असे त्याचे मत आहे. तो चूक आहे असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. न्यूमोनिया कधी बराही होतो. आजोबांना दोनदा विचारले आणि त्यांनी दोनदा सांगितले, एवढेच माझ्याकडे आहे.

मी स्वतःचा कागद गेल्या वर्षी केला. बायको तीन दिवस रुसली, मग साक्षीदार कोण ते तिनेच ठरवले. आई माझ्याकडेच असते, वय ८४. तिला विचारायला मला आणखी सहा महिने लागले. सोमवारी ती म्हणाली, "मले कुठीच नेजो नको." गुरुवारी म्हणाली, "नातवाचं लगन होईलोक तं ने बाप्पा कुठीबी." मी दोन्ही उत्तरे तारखेसह वहीत लिहून ठेवली आहेत आणि दर पोळ्याला पुन्हा विचारायचे ठरवले आहे. एका बाबतीत मात्र ती ठाम आहे.

"नाकात नळी नको," ती म्हणाली. "पण एक बाटली लावजो. नाईतं लोक म्हणतीन, डाक्टरच्या मायले एक सलाईन बी भेटली नाई."